पक्षीताईची एक्केचाळीस पत्रं

पक्षीताईच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस डोळे मिटून सुरू व्हायचा. लहान लहान संग्रहालयांतून आलेल्या दोघातिघांना ती पक्षीदालनामागच्या साठवणीच्या खोलीत न्यायची, लांब टेबलाभोवती उभं करायची आणि म्हणायची, "डोळे मिटा. हात पुढे करा." मग प्रत्येकाच्या ओंजळीत एकेक पेंढा भरलेला पक्षी ठेवायची. "आता सांगा, याचं काय दुखतंय?"

लोक आधी फिदीफिदी हसायचे. मग हळूहळू बोटं फिरायला लागायची. कुणाला पंखाखालची उसवलेली शिवण लागायची, कुणाला पायातली सैल झालेली तार, कुणाला पिसांच्या मुळाशी कसरीनं पाडलेली बारीक भोकं.

"बघा," ती म्हणायची, "डोळ्यांना हे दिसायला सहा महिने गेले असते. आणि हातमोजे घातले असतेत तर कधीच कळलं नसतं. पक्षी उघड्या हातालाच बोलतो."

मी त्याच संग्रहालयात ग्रंथपाल होते. तिच्या खोलीची आणि माझ्या ग्रंथालयाची भिंत एकच. त्यामुळे ते "डोळे मिटा" मी सतरा वर्षं दर खेपेला ऐकलं. दुपारचा डबा आम्ही माझ्या टेबलावर एकत्र खायचो. त्याआधी ती नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची, साबण लावून, दोन वेळा. मी चिडवायची, "ताई, डबा खायचाय की त्याची शस्त्रक्रिया करायचीय?" ती नुसती हसायची आणि पदार्थांवरून सुरू व्हायची, म्हणजे माझ्या डब्यात मीठ कमी कसं आहे यावरून.

ती विशीत असताना इथे आली होती, तीन महिन्यांच्या बदली कामावर. अक्षर मोत्यासारखं, म्हणून काचेच्या पेट्यांमधली लेबलं लिहायला घेतलेलं. पक्षीदालन तेव्हा एका म्हाताऱ्या कारागिराच्या ताब्यात होतं. मेलेल्या पक्ष्याचं कातडं अलगद सोलून, आत पेंढा नि कापूस भरून तो पक्षी ते पुन्हा फांदीवर असा बसवायचे की बघणाऱ्यानं आवाज न करता पुढे सरकावं. सगळे त्यांना पेंढेकाका म्हणत. माणसांशी त्यांचं फारसं पटत नसे. पण तीन महिने संपले त्या दिवशी ते स्वतः कार्यालयात गेले आणि म्हणाले, "ही मुलगी मला द्या. हिला बोटं आहेत."

"बोटं सगळ्यांनाच असतात, काका," कुणीतरी म्हणालं.

"नसतात," काका म्हणाले आणि निघून आले.

अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. ते गेले तेव्हा खोलीच्या किल्ल्या, हत्यारांची पेटी आणि त्यांची काळ्या पुठ्ठ्याची वही तिच्याकडे आली. पुढे लहान संग्रहालयांकडून विचारणा व्हायला लागली. कुठे शाळेच्या दोन खोल्यांत मांडलेला संग्रह, कुठे एखाद्या हौशी माणसानं मागे ठेवलेली चार कपाटं; तिथल्या माणसांना जुने पक्षी कसे जपायचे ते शिकवणारं कुणी नव्हतं. तेव्हाच्या संचालकांनी ताईला विचारलं आणि वर्षातून एकदा, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण सुरू झालं. ताईकडे पदवी नव्हती. "माझ्याकडे शिकून लोक प्रमाणपत्र घेऊन जातात," ती म्हणायची, "आणि माझं प्रमाणपत्र बिचारं वर पोचलंय." एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालून एक्केचाळीस जण गेले. त्यांच्यासाठी तिनं एक हस्तपुस्तिकाही लिहिली. तिच्या मुखपृष्ठावर फोटो होता तो तिच्याच उघड्या तळहाताचा, त्यात एक इवलासा खंड्या.

त्यांतलीच एक होती ती धाकटी.

तिला हे नाव शिपायांनी पाडलं. खोलीत थोरली एक होतीच, म्हणून ही धाकटी. सहा वर्षांपूर्वी ती प्रशिक्षणाला आली, तेव्हा तेवीस वर्षांची होती, कडेवरची आठ महिन्यांची मुलगी घरी सोडून आलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं हात वर केला, "ताई, रबरी मोजे मिळतील का? या पिसांवर पांढरी धूळ आहे, हाताला चुरचुरतं."

ताई सगळ्यांसमोर हसली. "अगं, इथे भांडी घासायचीत का तुला? मोजे हवेत तर नाण्यांच्या विभागात जा. इथे कातडीनं कातडी ओळखायची असते."

सगळे हसले. धाकटीही हसली. पंधरा दिवस संपता संपता तिनं एका घुबडाची मान अशी बसवली की ताईनं ते खिडकीशी नेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मग कार्यालयात जाऊन तिनं मदतनिसाची जागा मागितली, आणि मिळवली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "आता मी मरायला मोकळी." मी म्हटलं, "आधी जेव."

तीन वर्षांपूर्वी ताईनं धाकटीला जुनं कपाट दिलं. "दिलं" हाच शब्द तिनं वापरला, घरातला दागिना द्यावा तसा. संग्रहालयाचा सगळ्यात आधीचा संग्रह त्यात होता, अकरा खण, दोनशेच्या वर पक्षी, पेंढेकाकांच्याही आधीच्या कारागिरांनी भरलेले. प्रत्येक पक्षी बाहेर काढायचा, कुंचल्यानं पिसापिसातली धूळ झाडायची, शिवण तपासायची, परत ठेवायचा. उन्हानं रंग उडतात म्हणून खिडक्या बंद. धाकटी सकाळी दहाला आत जायची ती संध्याकाळी बाहेर यायची, भुवयांवर पांढरी भुकटी घेऊन. ताई तोवर बहुतेक वेळ टेबलाशी बसून असायची, पुस्तिकेची दुसरी आवृत्ती लिहीत. हाताचं काम आता धाकटीचंच होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी धाकटीच्या तळहातांवर कातडी जाड व्हायला लागली. बारीक बारीक गाठी, कुरूप असतात तशा. डॉक्टर म्हणाले, भांड्यांचा साबण बदला. तिनं बदलला. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एकदा पुस्तक परत करायला आली असताना ती मला म्हणाली, "मुलीची वेणी घालते ना, तेव्हा केस बोटांत आहेत की सुटले ते बघावं लागतं. कळतच नाही हो." मी म्हटलं, रक्त कमी असेल. आपण बायका एकमेकींना हेच सांगतो.

नवे संचालक आले ते तरुण होते, उत्साही होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. विषय होता धोकादायक वस्तूंची हाताळणी. शिकवायला बाहेरून एक प्रशिक्षिका येणार होती.

"मला शिकवायला," ताई डबा उघडत म्हणाली. "माझ्या कपाटांपेक्षा वयानं लहान असेल ती."

"कपाटांपेक्षा आपण सगळेच लहान आहोत, ताई."

ती मागच्या ओळीत जाऊन बसली, हाताची घडी घालून. प्रशिक्षिका खरंच तिशीची होती, शांत बोलणारी, कुणाला न दुखावता पण मुद्दा न सोडणारी. तिच्याकडे केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक उपकरण होतं. ते एखाद्या वस्तूवर टेकवलं की त्या वस्तूत कुठले धातू, कुठली विषं आहेत ते पडद्यावर उमटायचं. पहिला दिवस रंगांवर आणि जुन्या कापडांवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पक्ष्यांच्या खोलीत जमलो. प्रशिक्षिकेनं मोजे चढवले, मास्क लावला आणि जुन्या कपाटाचा पहिला खण ओढला.

उपकरण तिनं एका बगळ्याच्या पोटाशी धरलं. पडद्याकडे पाहिलं. दुसरा पक्षी घेतला. मग खणाच्या तळाशी साचलेल्या भुकटीवर उपकरण धरलं. मग दुसरा खण, मग तिसरा.

"हा सोमल आहे," ती शेवटी म्हणाली. "आर्सेनिक. जुने कारागीर कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळत. तो वर्षानुवर्षं पिसांवाटे बाहेर येत राहतो. ही पांढरी धूळ आहे ना, ती नुसती धूळ नाही. या कपाटावर कोण काम करतं?"

धाकटीनं हात वर केला. पूर्ण वर केला नाही, खांद्यापर्यंत. मग तो हात खाली घेऊन ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. प्रशिक्षिका तिच्याजवळ गेली, तिचा हात आपल्या मोजे घातलेल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मोजे वापरता ना?" तिनं विचारलं.

खोलीतल्या प्रत्येकानं ताईकडे पाहिलं.

संध्याकाळच्या आत खोलीला कुलूप लागलं. ताई माझ्याकडे येऊन खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "तुम्हाला तरी काय माहीत असणार, ताई? इतक्या जुन्या गोष्टी."

तिनं पिशवीतून पेंढेकाकांची काळी वही काढली आणि एक पान उघडून माझ्यापुढे सरकवली. साबणाची कृती होती. साबण इतका, चुना इतका, कापूर इतका. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेला, पांढरा सोमल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला एकदम तिचे नळाखाली धरलेले हात आठवले, कोपरापर्यंत, दोन वेळा.

"काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तोंडाला हात लावायचा नाही, जेवणाआधी दोनदा धुवायचे. एवढंच. ते स्वतः ऐंशीच्या पुढे जगले. मला वाटलं, इतक्या वर्षांत उडून गेलं असेल ते. कापूर उडतो ना, तसं."

"आणि प्रशिक्षणाला येतात त्यांना? त्यांना सांगितलं नाहीत?"

"पहिल्या वर्षी सांगितलं." ती बोटांनी वहीचा पुठ्ठा चोळत होती. "तिघं आले होते. दुसऱ्या दिवशी एकच आला. मग मी सांगायचं सोडलं. हात धुवून जेवा एवढं म्हणायचे, लहान मुलांना म्हणतात तसं. एक-दोन वर्षांनी मग ते माझ्याही डोक्यातून गेलं. नाही, गेलं नाही. मी ते मागे ठेवलं."

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, लघवीची, केसांची, नखांची. ताईचा आकडा जरासा वर होता, काळजी करण्यासारखा नव्हता. धाकटीचा पुष्कळ वर होता. डॉक्टरांनी सांगितलं की हातावरच्या गाठी त्यामुळेच आहेत असं शपथेवर सांगता येणार नाही, पण दुसरं कारणही त्यांना दिसत नव्हतं. त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि त्या गाठींवर कायम लक्ष ठेवावं लागेल, दर सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण पुढे त्यांतून काही वाढू शकतं. काय वाढू शकतं ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

त्याच आठवड्यात संचालकांनी ताईला बोलावलं. तिच्यापुढे त्यांनी एक टंकलेला कागद ठेवला. त्यात होतं की प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येकाला धोक्याची कल्पना देण्यात आली होती, मोजे उपलब्ध होते, त्यांचा वापर ऐच्छिक होता. खाली सहीची जागा.

"हे तुमच्याच भल्यासाठी आहे," ते म्हणाले. "चौकशी लागली तर सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर येईल. संग्रहालयाचं नाव जाईल ते वेगळंच."

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. ताई कागद घेऊन घरी गेली आणि दोन दिवस तो तिच्या पर्समध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं तो मला दाखवला आणि विचारलं, "तू काय करशील?"

आता माझं सांगते. मी म्हटलं, "करून टाका सही." मी म्हटलं, तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, जे झालं ते झालं, धाकटीवर उपचार चालू आहेतच, तुम्ही नोकरी घालवून तिचे हात बरे होणार आहेत का? हे सगळं मी अगदी मायेनं म्हटलं. ते बोलताना मला माझीही थोडी लाज वाटत होती, सतरा वर्षं ती हात धुताना मी पाहिलं आणि त्यावर विनोद केले, एकदाही "का" म्हणून विचारलं नाही. सगळं झाकलं गेलं तर माझंही झाकलं जाणार होतं.

ताईनं पेन काढलं. पेनाचं टोपण तिनं उघडलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यात दारात धाकटी आली. रजेचा अर्ज द्यायला आली होती, आणि माझी दोन पुस्तकं परत करायला. ताईला पाहून ती थबकली, मग आत आली.

"बस," ताई म्हणाली. "तुला काही सांगायचंय."

"ताई, नंतर बोलू. तुम्हाला बरं नाही दिसत."

"मला बरं आहे. बस."

आणि तिनं वही उघडून तिला ते पान दाखवलं. धाकटीनं ते वाचलं. मग परत वरून वाचलं.

"हे काकांचं अक्षर आहे," धाकटी म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुमच्याकडे पहिल्यापासून होतं."

"हो."

"मी पहिल्या आठवड्यात मोजे मागितले होते."

"हो."

"तुम्ही सगळ्यांसमोर हसलात."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

ताईनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "हो."

धाकटी रडली नाही. तिनं वही मिटून नीट टेबलावर ठेवली, कडा टेबलाच्या कडेशी जुळवून, ताईनंच शिकवलं होतं तशी. "माझी मुलगी मी घरी गेले की एप्रनला तोंड पुसते," ती म्हणाली. "तीन वर्षं पुसतेय." आणि ती गेली. रजेचा अर्ज तिच्या हातातच राहिला.

ताईनं त्या टंकलेल्या कागदाची घडी घातली, माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले आणि लिहायला बसली. तीन पानं. काय माहीत होतं, कधीपासून, कुणाला सांगितलं, कुणाला नाही. शेवटी सही आणि तारीख. मी म्हटलं, "घरी एकदा विचारा तरी." तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे; फार न बोलणारे. तिनं तिथूनच त्यांना फोन लावला, तीन पानं वाचून दाखवली. पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला तेव्हा मी विचारलं.

"म्हणाले, दुसऱ्या पानावर तू काकांना दोष दिलायस, तो काढ. म्हणाले, काकांनी तुला सांगितलं होतं."

तिनं दुसरं पान पुन्हा लिहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. प्रशिक्षण बंद झालं. पुस्तिकेच्या प्रती परत मागवल्या गेल्या. चौकशी समिती बसली, ताईनं दिलेलं ते तीन पानी निवेदन समितीनं दप्तरी दाखल केलं आणि ताईला पक्षीदालनातून काढून तळमजल्यावरच्या चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथे ती लोकांना प्रसाधनगृह कुठे आहे ते सांगायची. धाकटीच्या मुलीची तपासणी झाली. तिच्या अंगात काही निघालं नाही. ते ऐकल्यावर ताई खाली टेबलाशी बसल्या बसल्याच हमसून हमसून रडली, समोर एक कुटुंब नकाशा मागत उभं असताना.

मग तिनं पत्रं लिहायला घेतली. एक्केचाळीस जणांची नावं तिच्या वहीत होती, पण पत्ते जुने. ते शोधायचं काम मी केलं. माझ्याकडून तेवढंच झालं. टंकलेली, एकसारखी पत्रं काढू म्हटलं तर ऐकेना. प्रत्येकाला वेगळं, हातानं. कुणाला कुठला पक्षी दिला होता, कुठल्या खणातला, किती दिवस, ते आठवून लिहायची. "तुमच्या हातात मी विष दिलं आणि सांगितलं नाही. तपासणी करून घ्या. तुम्ही कुणाला शिकवलं असेल तर त्यांनाही सांगा." हे वाक्य सगळ्यांत होतं. धाकटीलाही एक पत्र गेलं. ते ताईनं माझ्या हाती दिलं, मी ते धाकटीच्या आईच्या हाती दिलं.

उत्तरं आली ती नाना तऱ्हेची. चौघांनी लिहिलं की आम्ही ठणठणीत आहोत, ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. एकीनं तपासणीचा कागदच पाठवला, आकडा वर असलेला, सोबत एक ओळही नाही. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. एका पत्रावर त्या माणसाच्या मुलानं लिहून परत पाठवलं की वडील चार वर्षांपूर्वी गेले, यकृताचं दुखणं होतं, डॉक्टर दारू म्हणाले होते, पण ते पीत नसत. तुमचं पत्र आईला दाखवलेलं नाही. ताईनं ते पत्र कितीतरी दिवस पर्समध्ये ठेवलं होतं.

आणि एकाचा फोन आला. पहिल्या वर्षी दुसऱ्या दिवशी परत आलेला तो एकटा. आता एका संग्रहालयाचा प्रमुख होता. मी शेजारी बसले होते; तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं.

"ताई, मला तर तुम्ही सांगितलं होतं! मी त्याच भरवशावर होतो की ताईंनी सांगितलं आणि ताई स्वतः उघड्या हातानं करतात, म्हणजे काही होत नाही. मी बारा जणांना शिकवलंय. बारा! आता मी त्यांच्यापुढे काय तोंड घेऊन जाऊ?"

"पत्र लिही," ताई म्हणाली.

"तुम्हाला सोपं आहे."

"नाही," ती म्हणाली. पण त्यानं तोवर फोन ठेवला होता.

पाच महिन्यांनी प्रशिक्षिका परत आली. खोली साफ करायची होती, पक्षी नव्या पेट्यांत भरायचे होते, आणि कुठला पक्षी कुणी, कशानं भरलाय हे सांगणारं ताईशिवाय कुणी नव्हतं. प्रशिक्षिकेनं संचालकांना तसं स्पष्ट सांगितलं. ताई गेली ती शिकाऊ म्हणून, इतर पाच जणांबरोबर, नावाची चिठ्ठी छातीला लावून. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसलाय का ते कसं पाहायचं, मोजे काढताना बाहेरची बाजू कातडीला लागू न देता ते कसे उलटायचे, एप्रन घरी का न्यायचा नाही, सगळं ती वहीत उतरून घेत होती. पहिल्या दिवशी मोजे घालून तिनं एक सुगरण उचलली आणि तिच्या बोटांत पंख मोडला. इतक्या वर्षांत तिच्या हातून मोडलेला हा पहिला पंख असावा.

"होतं," प्रशिक्षिका म्हणाली. "दुसरा घ्या. हळू."

"मला काही लागतच नाहीये बोटांना," ताई म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ती खुर्ची ओढून खाली बसली.

धाकटी तोवर नाण्यांच्या विभागात गेली होती, पलीकडच्या इमारतीत. हातावरच्या गाठी थोड्या कमी झाल्या, मुंग्या दोन बोटांत राहिल्या त्या राहिल्याच. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाऊन येते आणि निकाल यायचा तो आठवडा तिला अन्न जात नाही, असं तिची आई सांगते. ताईशी ती बोलत नाही. जिन्यात समोर आली तर एका बाजूला सरून वाट देते. एकदा ताईनं तिला हाक मारली होती. धाकटी थांबली, पण वळली नाही, आणि मग जिना चढून गेली.

नवी पुस्तिका लिहायचं ठरलं तेव्हा प्रशिक्षिकेनं अट घातली की मसुदा ताईनं लिहावा आणि तो धाकटीनं तपासावा. "काय झालं ते त्या दोघींनाच माहीत आहे," ती म्हणाली. मला वाटलं, धाकटी नाही म्हणेल. ती हो म्हणाली. मसुद्याची पानं मी इकडून तिकडे नेत असे. चिठ्ठी नाही, निरोप नाही. धाकटीच्या दुरुस्त्या लाल पेनानं, बारीक, अक्षर आता थोडं कापरं. मोज्यांचा प्रकार तिनं बदलला. बंद खिडक्यांबद्दल अख्खा परिच्छेद वाढवला. ताई एकही दुरुस्ती नाकारत नसे.

प्रस्तावनेत ताईनं लिहिलं होतं, "पूर्वी या धोक्याची पुरेशी माहिती नव्हती." ते पान परत आलं तेव्हा त्या वाक्यावर सरळ रेघ होती, पट्टीनं मारलेली. वर लाल शाईत लिहिलं होतं, "माहिती होती. सांगितली गेली नाही."

ताईनं चष्मा काढून पुसला, परत लावला. "'गेली' नको," ती म्हणाली. तिनं माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "माहिती होती. मी सांगितली नाही." मग पान माझ्याकडे दिलं. "तिला दाखवून ये. चालत असेल तर छापायला देऊ."

मी पलीकडच्या इमारतीत गेले. धाकटीनं ते वाचलं, कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि नाण्यांच्या ट्रेकडे वळली.